मेकफाइलमधले मॅक्रो: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आजोबांनी जमवलेली जुनी मराठी मासिकं स्कॅन करून त्यांतला मजकूर टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) काढायचा, असं काम मी हाती घेतलं. पानं शेकड्यांनी आणि कमांड त्याच त्या, म्हणून ग्नू मेक घेतला: मेकफाइल नावाच्या फाइलीत लिहिलेल्या कमांड तो आपोआप चालवतो. मेक १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये लिहिला. पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या) मानकात त्यातल्या व्हेरिएबलांना, म्हणजे नाव दिलेल्या मजकुराला, मॅक्रो म्हटलंय, आणि मला तोच शब्द नेमका वाटतो. $(नाव) लिहिलं की मेक दिलेला मजकूर जागेवर चिकटवतो, बस. त्याचा अर्थ नंतर शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, लावतो.

हे दोन टप्पे डोक्यात बसेपर्यंत मला महिना लागला. शेलच्या लूपमध्ये सवयीने $पेज लिहिलं, तर टेसरॅक्ट म्हणे 'एज' नावाची फाइल सापडत नाही! कंस नसला की मेक डॉलरनंतरचं एकच अक्षर मॅक्रोचं नाव धरतो. 'पी' रिकामा होता, उरलेलं 'एज' शेलकडे गेलं. शेलसाठीचा डॉलर दोनदा लिहायचा, $$पेज असा.

खरी भीती वाटली ती तिसऱ्या महिन्यात. तात्पुरत्या फोल्डरचं नाव मॅक्रोत ठेवलं होतं आणि त्याच ओळीत पुढे # देऊन टीप लिहिली होती. नाव आणि # यांच्यामधल्या मोकळ्या जागा मेक किमतीतच धरतो, हे मला माहीत नव्हतं. साफसफाईची, न विचारता सगळं पुसणारी कमांड होती: आरएम -आरएफ $(तात्पुरतं)/*. चालवण्याआधी मेक -एन करून पाहिलं. त्याने कमांड न चालवता नुसती छापून दाखवली: आरएम -आरएफ काम  /*. म्हणजे 'काम' वेगळं आणि संगणकाच्या मुळापासूनचं सगळं वेगळं. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवत नव्हतो, पण माझ्या परवानगीतलं सगळं, आजोबांच्या मासिकांच्या स्कॅनसकट, गेलं असतं. तेव्हापासून टीप स्वतंत्र ओळीवर, आणि पुसण्याच्या कमांडमध्ये मॅक्रोपुढे तारा (*) कधीच नाही. नावात टायपो झाला तरी मेक गुपचूप रिकामी किंमत देतो, त्यामुळे अव्याख्यात व्हेरिएबलचा इशारा देणारा पर्याय कायम चालू ठेवलाय.

वेगाच्या बाबतीत समाधान आहे. मेक -जे४ ने चार पानं एकदम चालतात. पण टेसरॅक्ट स्वतःही अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी उपकामं) वापरतो, मग दोघांची प्रोसेसरच्या कोअरसाठी ओढाताण होते. थ्रेडची संख्या ठरवणारं ओएमपी_थ्रेड_लिमिट १ करायचं ठरवलं, मेकफाइलमध्ये लिहिलं, फरक शून्य. एक्सपोर्ट लिहिल्याशिवाय अशी नवी किंमत चालवलेल्या कमांडपर्यंत पोचतच नाही. तो एक शब्द घातला आणि काम सुरळीत झालं.

तारखेचा मॅक्रो = ऐवजी := ने द्या. नाहीतर लॉगच्या (कामाच्या नोंदीच्या फाइलीच्या) नावातले सेकंद दर वापराला नव्याने मोजले जातात आणि एकाच पानाचे दोन लॉग होतात.

न सुटलेली अडचण एकच: फाइलनावातल्या मोकळ्या जागा. 'दिवाळी अंक' असं फोल्डर मेकला दोन वेगळी नावं वाटतात. अवतरणचिन्हं शेलला कळतात, मेकच्या यादीला नाही. शेवटी सगळ्या फोल्डरांची नावं अधोरेषा घालून बदलली, त्यात एक अख्खा रविवार गेला.