फ्रिडा वापरून बघितलं: तीन ओएस, एकच हुक, आणि कुठे थांबायचं

फ्रिडा म्हणजे चालू प्रोग्रामच्या फंक्शन-कॉलच्या मध्ये आपला कोड अडकवणारं टूल, आणि अशा अडकवण्याला हुक म्हणतात. फक्त लिनक्सपुरतं काम असेल तर हा रिव्ह्यू वाचत बसू नका, एलडी प्रीलोडने (प्रोग्रामला आपली लायब्ररी सगळ्यांच्या आधी घ्यायला लावणारं व्हेरिएबल) बहुतेक वेळा भागतं. पंधरा-वीस ओळींचं सी लिहायचं, डीएलसिमला (नावावरून फंक्शनचा पत्ता शोधणारं फंक्शन) आरटीएलडी नेक्स्ट, म्हणजे 'माझ्या पुढचं', देऊन खरं फंक्शन मिळवायचं, मध्ये आपल्याला हवं ते करायचं आणि कॉल पुढे ढकलायचा, संपलं. हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे सोर्स नसलेला एखादा प्रोग्राम आहे, तो लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीकडे चालतो, आणि तो नेमक्या कुठल्या फाइली उघडतो, सिस्टीम त्याला काय उत्तर देते हे तिन्हीकडे बघायचंय. माझं काम हेच होतं, म्हणून फ्रिडा घेतलं आणि अजून वापरतोय.

आधी मार्क देऊन टाकतो. शोधकामासाठी पाचपैकी साडेचार. ग्राहकाच्या मशीनवर कायमचं बसवायचं असेल तर दोन, तेही हात आखडून नाही तर विचार करून दिलेत.

फ्रिडा करतं काय, तर चालू प्रोसेसमध्ये स्वतःचा एजंट घुसवतं, त्या एजंटमध्ये जावास्क्रिप्टचं इंजिन असतं (डीफॉल्ट क्विकजेएस, हवं तर व्ही८), आणि त्याच्याखाली गम नावाचा सीचा थर असतो जो हव्या त्या फंक्शनच्या सुरुवातीच्या मशीन इन्स्ट्रक्शन्स उचलून दुसरीकडे ठेवतो आणि त्यांच्या जागी आपल्याकडे वळणारी उडी लिहितो. तुम्ही फक्त दोन तुकडे लिहायचे, ऑनएंटरमध्ये आत आलेले आर्ग्युमेंट्स बघा, ऑनलीव्हमध्ये परत जाणारी किंमत बघा किंवा बदला. फंक्शनच पूर्ण बदलायचं असेल तर इंटरसेप्टर रिप्लेस आहे, त्यात मूळ फंक्शन नेटिव्हफंक्शन म्हणून हाताशी ठेवता येतं, म्हणजे खरं रॅपिंग, मूळ फंक्शनभोवती आपलं वेष्टण.

खरा हिरो मात्र फ्रिडा ट्रेस. नावाचा पॅटर्न दिला की जुळणाऱ्या प्रत्येक फंक्शनसाठी तो एक छोटी हँडलर फाइल स्वतः बनवतो, ती एडिटरमध्ये उघडा, दोन ओळी बदला, सेव्ह करा, प्रोग्राम चालू असतानाच नवा हँडलर लागू होतो. सी लिहा, कंपाइल करा, प्रोग्राम बंद करून परत चालू करा या चक्राची सवय असलेल्या माणसाला हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा इतकी वर्षं आपण काय करत होतो असं वाटतं. याच एका गोष्टीसाठी साडेचार दिलेत.

आवडलेली दुसरी गोष्ट बारीक आहे पण ज्याने हाताने रॅपर लिहिलेत त्याला कळेल. आपल्या रॅपरमध्ये लॉग लिहिताना एररनो (शेवटच्या चुकीचा नंबर) बदलतो आणि मग मूळ प्रोग्रामला चुकीचं कारण दिसतं, म्हणून दरवेळी तो जपून ठेवायचा आणि परत लावायचा असतो. फ्रिडात युनिक्सवर तो थेट दिस डॉट एररनो म्हणून मिळतो, विंडोजवर दिस डॉट लास्टएरर, वाचा नाहीतर बदला. आणि मॅलॉक-कॅलॉक (मेमरी मागणारी फंक्शन्स) रॅप करताना डीएलसिम स्वतःच कॅलॉक मागतं आणि आपण आपल्याच रॅपरमध्ये गोल गोल फिरत बसतो, तो जुना ताप इथे नाही कारण खरं फंक्शन शोधायला डीएलसिम लागतच नाही.

प्रीलोडपेक्षा इथे सापडतंही जास्त. प्रीलोड काय करतो, लोडर (प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा) नाव शोधत असताना आपलं नाव पुढे करतो. पण जीलिबसीच्या (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) पोटातले कॉल त्या वाटेने जातच नाहीत, एफओपन आतल्या आत फाइल उघडतो तेव्हा तुमचा ओपनचा रॅपर हात चोळत बसतो. फ्रिडा फंक्शनच्या अंगावरच पॅच करत असल्याने असे बरेच कॉल पकडले जातात. ६४-बिट लिनक्सवर ओपन आणि ओपन६४ ही दोन्ही नावं एकाच पत्त्यावर असतात, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये दोघांना हुक लावलात तर प्रत्येक फाइल लॉगमध्ये दोनदा दिसेल, घाबरू नका, आधी पत्ते ताडून बघा. स्टॅटची (फाइलची माहिती देणारं फंक्शन) गंमत वेगळी, जीलिबसी २.३३ च्या आधी स्टॅट नावाचं फंक्शन लायब्ररीतून बाहेर दिसतच नव्हतं, जुने बायनरी (कंपाइल झालेले प्रोग्राम) एक्सस्टॅटच्या नावाने हाक मारतात, म्हणून दोन्ही नावांवर लक्ष ठेवावं लागतं, टूल कुठलंही असो.

आता "एकच स्क्रिप्ट सगळीकडे" या स्वप्नाबद्दल. एपीआय एकच आहे हे खरं, पण ओएस एक नाही ना भाऊ.

विंडोजवर फाइल उघडणारं क्रिएटफाइलडब्ल्यू कर्नल३२ या सिस्टीमच्या डीएलएलमध्ये (विंडोजची लायब्ररी फाइल) शोधलंत तर अर्धंच सापडेल, तिथे नुसती पुढे ढकलणारी उडी आहे, खरं काम कर्नलबेसमध्ये होतं आणि बरेच मॉड्यूल सरळ तिथेच जातात. सगळंच पकडायचं तर सगळ्यात खालच्या एनटीडीएलएलमधल्या एनटीक्रिएटफाइलला आणि एनटीओपनफाइलला हात घाला, पण मग फाइलचं नाव साध्या स्ट्रिंगमध्ये येत नाही, ऑब्जेक्ट अॅट्रिब्यूट्स स्ट्रक्चरमधून युनिकोड स्ट्रिंग खोदून काढायची, तिची लांबी बाइट्समध्ये असते, शेवटी शून्य असेलच असं नाही, म्हणजे लांबी दोनने भागून यूटीएफ-१६ वाचायचं, आणि नावाच्या सुरुवातीला एनटीचा तो प्रश्नचिन्हवाला उपसर्ग चिकटलेला असतो ते वेगळंच.

मॅकवर अजून धमाल. ओपन हे व्हेरिॲडिक (आर्ग्युमेंट्सची संख्या ठरलेली नसलेलं) फंक्शन आहे, तिसरं आर्ग्युमेंट म्हणजे परवानग्यांचा मोड, आणि अॅपल सिलिकॉनवर व्हेरिॲडिक आर्ग्युमेंट्स रजिस्टरमधून न जाता स्टॅकवरून जातात. त्यामुळे लिनक्सवर बरोबर चालणारं आर्ग्स दोन (मोजणी शून्यापासून, म्हणजे तिसरं) इथे कचरा दाखवतं, स्टॅक पॉइंटरपासून स्वतः वाचावं लागतं. शिवाय ओपनचा एक नोकॅन्सल नावाचा जुळा भाऊ आहे, त्यालाही हुक लावा. हे डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक अक्षरांत असायला हवं होतं असं माझं मत.

परवानग्यांचं पण बघून घ्या. मॅकवर २०१५ पासून, म्हणजे १०.११ पासून, सिस्टीम इंटिग्रिटी प्रोटेक्शन आहे, अॅपलच्या स्वतःच्या बायनरींना फ्रिडा हात लावू शकत नाही, आणि हार्डन्ड रनटाइम (अॅपलची कडक सुरक्षा बंधनं) वाल्या इतर अॅप्सनाही नाही, मग तुम्ही रूट असा नाहीतर कोणी. स्वतःचं अॅप असेल तर त्याची कॉपी परत साइन करून काम होतं. लिनक्सवर बऱ्याच डिस्ट्रोमध्ये यामाचा पीट्रेस स्कोप (दुसऱ्या प्रोसेसला चिकटण्यावर मर्यादा घालणारी कर्नलची सेटिंग) १ असतो, चालू प्रोसेसला चिकटायला रूट लागेल, फ्रिडानेच प्रोग्राम सुरू केला तर अडचण नाही. अँड्रॉइड-आयओएसवर पण हे चालतं, किंबहुना बरेच लोक त्यासाठीच घेतात, माझा तो प्रांत नाही.

वेग. ओपन, कनेक्ट असल्या फंक्शनवर काही जाणवत नाही. पण मॅलॉक किंवा मेमकॉपीवर जावास्क्रिप्टचा हुक लावला की प्रोग्राम रडायला लागतो, कारण प्रत्येक कॉलला इंजिनमध्ये जाऊन यायचं आणि अनेक थ्रेड असले तरी जावास्क्रिप्टमध्ये एका वेळी एकच. यावर उपाय सीमॉड्यूल, स्क्रिप्टमध्येच सी लिहा, ते जागेवर कंपाइल होतं आणि हुक थेट त्या सीला बोलावतो. चांगलं चालतं, पण मग मनात येतं की शेवटी सीच लिहायचं होतं तर.

आवृत्त्यांचा जाच सांगायलाच हवा. २०२५ च्या आवृत्ती १७ मध्ये बऱ्याच जुन्या सोयी काढल्या, मॉड्यूलवर (म्हणजे लोड झालेल्या लायब्ररीवर) थेट बोलावता येणारं एक्सपोर्ट, म्हणजे लायब्ररीने बाहेर उघडं ठेवलेलं फंक्शन, शोधायचं फंक्शन गेलं, आता आधी मॉड्यूल मिळवा आणि मग त्याला विचारा. बदल बरोबरच आहे, पण नेटवर सापडणारे निम्मेअधिक तयार तुकडे चिकटवले की पहिल्याच ओळीला आपटतात. टीममध्ये वापरणार असाल तर आवृत्तीचा नंबर पक्का बांधून ठेवा.

दोन मार्क का, तर ग्राहकाकडे एवढ्याशा रॅपरसाठी अख्खं जावास्क्रिप्ट इंजिन प्रोसेसमध्ये घुसवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. अँटीव्हायरसला ते आवडत नाही, आणि दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये कोड घुसवणाऱ्या वस्तूवर त्याने संशय घेतला तर चूक कोणाची? अशा वेळी मी फ्रिडाने नेमकी फंक्शन्स हेरतो आणि मग तीन वेगळे छोटे रॅपर लिहितो. लिनक्सला प्रीलोड. मॅकला डायलिबमध्ये (मॅकची लायब्ररी फाइल) इंटरपोज सेक्शन, जुनं आणि नवं फंक्शन अशी जोडी लिहून ठेवायची, बाकी लोडर बघतो. विंडोजला डीटूर्स, म्हणजे हुक लावायची तयार लायब्ररी, मायक्रोसॉफ्ट रिसर्चचं, १९९९ च्या पेपरपासून चालत आलेलं, एके काळी ६४-बिटसाठी पैसे मोजावे लागायचे, आता एमआयटी लायसन्सवर फुकट. त्याची ट्रान्झॅक्शनची पद्धत मला फार आवडते, सगळे हुक एकदम लागतात नाहीतर एकही नाही. ३२-बिट प्रोसेसला ३२-बिटचीच डीएलएल लागते एवढं ध्यानात ठेवा.

गो भाषेत लिहिलेला प्रोग्राम असेल तर लिनक्सवर लायब्ररीवरचे हे हुक सहसा कामाचे नाहीत, गो सी लायब्ररीला न विचारता थेट कर्नलला हाक मारतो, तिथे एस्ट्रेस (कर्नलला जाणारे कॉल दाखवणारं टूल) घ्या. मॅकवर मात्र गो १.१२ पासून सिस्टीमच्या लायब्ररीतूनच जातो, म्हणून तिथे हुक लागतो.

राहिला चाइल्ड प्रोसेसचा मुद्दा, प्रोग्राम पुढे दहा प्रोग्राम सुरू करत असेल तर फ्रिडा आपणहून त्यांच्या मागे जात नाही, चाइल्ड गेटिंग चालू करून प्रत्येकाला स्वतः पकडावं आणि सोडावं लागतं. प्रीलोडचं व्हेरिएबल वारशाने आपोआप पुढे जातं, डीटूर्समध्ये क्रिएटप्रोसेसलाच हुक लावावा लागतो, आणि मॅकवर मध्ये सिस्टीमचा शेल आला की आपली डायलिब आत घालणारं डीवायएलडीचं (मॅकचा लोडर) व्हेरिएबल गपचूप पुसलं जातं, तेव्हा तिथे स्वतः कंपाइल केलेला शेल वापरा.