स्प्रिंगवाला डार्निंग फूट: दोष फुटाचा कमी, हातांचा जास्त

फ्री मोशन क्विल्टिंग म्हणजे सुईखालचे दाते बंद करायचे आणि गोधडीसारखं थरांचं कापड दोन्ही हातांनी हवं तिकडे फिरवत वेल, लाटा, भोवरे काढायचे. एरवी कापड सरकवायचं काम दाते करतात आणि टाक्याची लांबी मशीन ठरवतं. इथे दोन्ही कामं हातांवर येतात. वर्षानुवर्षं ब्लाउज-परकर सफाईने शिवणारी माणसंसुद्धा याला बिचकतात, ती त्यामुळेच. त्यासाठी जो डार्निंग फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबणारा मशीनचा सुटा पाय, लागतो तो कसा आहे, कुणी घ्यावा आणि तो बसवल्यावर काय काय बिघडतं, ते इथे.

म्हापसा, मडगाव, पणजीत शिलाई मशीनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे हा फूट प्लॅस्टिकच्या पुडीत, बहुतेकदा कुठल्याही नावाशिवाय मिळतो. कुणी त्याला एम्ब्रॉयडरी फूट म्हणतं, कुणी क्विल्टिंग फूट. वस्तू तीच: धातूचा दांडा, त्यावर स्प्रिंग, बाजूला एक आडवी दांडी आणि खाली सुईभोवती गोल किंवा पुढून उघडा तळ. सुई वर गेली की आडवी दांडी उचलली जाते, तिच्यासोबत तळ कापडावरून वर येतो आणि तेवढ्या क्षणात कापड सरकवता येतं. सुई खाली आली की तळ कापड दाबून धरतो. फुटाचं काम एवढंच.

विकत घेण्याआधी एक माप घ्या. मशीनचा नेहमीचा फूट खाली टेकवा आणि तो ज्या स्क्रूने आवळलेला असतो त्या स्क्रूच्या मध्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत मोजा. अर्ध्या इंचाच्या आसपास भरलं तर मशीन लो शँक, इंचभर भरलं तर हाय शँक. आपल्याकडची काळी मशीनं आणि बहुतेक घरगुती झिगझॅग मशीनं लो शँक असतात. दुकानात मशीनचं नाव सांगण्यापेक्षा जुना फूट खिशात घालून न्यावा, वाद होत नाही. नव्या मशीनांत फूट क्लिपने बसतो. तिथे फक्त खालचा तळ काढून उपयोग नाही, तो धरणारा अख्खा खटका स्क्रू काढून उतरवावा लागतो.

बसवताना सुई पूर्ण वर घ्या, फूट मागून सरकवा आणि आडवी दांडी सुई आवळायच्या स्क्रूच्या वर बसली आहे ना ते बघा. ती खाली राहिली तर फूट उचललाच जात नाही, आणि पहिल्या चार टाक्यांत काहीतरी वाकतं. स्क्रू बोटांनी नव्हे, पेचकसाने आवळा. फूट सतत आदळत असल्याने बोटांनी आवळलेला स्क्रू दहा मिनिटांत सैल होतो आणि सुई फुटावर आपटते. मग चाक हाताने दोनदा पूर्ण फिरवून सुई तळाच्या बरोबर मध्ये उतरते का ते पाहा.

गोल तळ आणि उघडा तळ यांत पहिल्यांदा शिकणाऱ्याने उघडा घ्यावा, कारण सुई नेमकी कुठे पडते आहे ते दिसतं. त्याची एक खोड आहे: सुट्या दोऱ्यांत आणि अ‍ॅप्लिकच्या, म्हणजे वरून शिवलेल्या तुकड्यांच्या, कडेत त्याची टोकं अडकतात. स्वस्त फुटांची खरी कुरकुर स्प्रिंगची असते. ती फार कडक असली की फूट मशीनवर हातोडीसारखा वाजतो आणि कापड सरकेनासं होतं. त्यावर जुना उपाय म्हणजे आडव्या दांडीला एक रबरबँड गुंडाळायचं. दांडी सुईच्या स्क्रूपासून थोडी उचलली जाते आणि तळ किंचित वर राहतो. पण हे बेतानेच. तळ फार उचलला तर सुईबरोबर कापडही वर येतं, खाली दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही आणि टाके गाळले जातात. सुई खाली असताना तळ आणि कापड यांच्यात जेमतेम एक पोस्टकार्ड सरकावं, एवढंच अंतर पुरे. मशीनच्या वरच्या टोकाला दाब कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर आधी तो सैल करा, रबरबँड नंतर.

मशीनबद्दल थोडं उलटं सांगायचं आहे. या कामाला झिगझॅग मशीनपेक्षा घरात पडून असलेलं काळं पायाचं मशीन उजवं ठरतं. त्याच्या पत्र्याचं भोक बारीक, सुईपुरतं असतं, त्यामुळे कापड भोकात दबत नाही आणि टाका घट्ट बसतो. पायाने चालवताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि वेग पावलांनी हळूहळू वाढवता येतो. मशीन टेबलात बसलेलं असल्यामुळे गोधडीला आजूबाजूला सपाट जागाही मिळते. हातमशीन मात्र बाद, एक हात चाकावरच अडकतो. काळ्या मशीनची अडचण एकच: बऱ्याच मॉडेलांत दाते खाली करायची सोय नसते. तेव्हा टाक्याची लांबी शून्यावर आणा आणि दातांवर जुनं पोस्टकार्ड चिकटवा, मध्ये सुईपुरतं भोक पाडून. दाते खालच्या खाली हलत राहतात, कापडाला लागत नाहीत.

नमुन्यासाठी 14 इंचांचा चौकोन करा: वर सुती कापड, मध्ये भर, खाली अस्तर. भर कोणती, यावर पहिल्या दिवसाचा अनुभव ठरतो. बाजारात सहज मिळणारी फुगीर पॉलिएस्टर शीट नवख्याला त्रास देते. ती फुटाखाली दबते, बाजूला उसळते आणि वरचं कापड सरकतं. पातळ शीट चालते. त्याहून बरी जुनी, पुष्कळदा धुतलेली सुती साडी, दोन-तीन पदर करून. ती सपाट बसते, सरकत नाही, सुईलाही जड जात नाही. गोधडीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. खळ घातलेली साडी आधी धुवा, नाहीतर दोरा घासून तुटतो. अस्तर चारही बाजूंनी दोन-तीन इंच मोठं ठेवा. तिन्ही थर सेफ्टीपिनांनी दर चार इंचांवर, म्हणजे मुठीएवढ्या अंतरावर, टाचा. टाचण्या नकोत, कापड फिरवताना त्या बोटांत शिरतात.

सुई 14 नंबरची, नवी. दोरा 40 नंबरचा भरतकामाचा पॉलिएस्टर किंवा चांगला सुती. शिकताना वर एक रंग आणि बॉबिनमध्ये दुसरा भरा, म्हणजे दोष कुठला ते लगेच कळतं. प्रत्यक्ष कामात दोन्ही एकाच रंगाचे ठेवा, म्हणजे तो कुणाला कळत नाही.

आता ज्या चुकीसाठी हा फूट सर्वाधिक वेळा दुकानात परत जातो ती. डार्निंग फूट खाली केला तरी सुई वर असताना कापडाला घट्ट टेकत नाही, थोडा तरंगतो. त्यामुळे फूट उचलायचा-टेकवायचा मागचा खटका खाली करायचं राहून गेलेलं लक्षातच येत नाही. खटका वर असला की वरच्या दोऱ्याच्या ताणाच्या चकत्या उघड्या राहतात, दोऱ्याला काही ताणच मिळत नाही आणि खाली पक्ष्याच्या घरट्याएवढा गुंता होतो. वरून सगळं ठीक दिसत असतं. तेव्हा सुरुवात अशी: खटका खाली, चाक हाताने एकदा फिरवून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या, दोन्ही टोकं बोटांनी धरा, जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घाला, मग निघा. टोकं इंचभर पुढे गेल्यावर कापा.

वेगाचं गणित सोपं आहे. इंचाला दहा टाके हवे असतील आणि मशीन मिनिटाला 600 टाके घालत असेल, तर हात मिनिटाला 60 इंच, म्हणजे सेकंदाला एक इंच सरकायला हवा. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, मशीन हळू आणि हात जोरात. मग पाव-पाव इंचाचे ढेंगटाके पडतात आणि सुई वाकते, कारण ती कापडात असतानाच हात कापड ओढतो. मशीन एका मध्यम वेगावर स्थिर ठेवा, खालीवर करू नका, आणि हात त्या आवाजाच्या लयीत फिरवा. मोटरला वेगमर्यादेचा खटका असेल तर तो मधोमध ठेवा.

ताणाचे दोष ओळखायचे तर कापड उलटून बघायची सवय लागते, दर दोन-तीन इंचांनी. वरच्या बाजूला बॉबिनच्या रंगाचे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त आहे. डायल पाव फेरा सैल करा. खालच्या बाजूला वरच्या रंगाचे फास दिसले तर दोन कारणं असू शकतात आणि त्यांचे उपाय वेगळे. फास सगळीकडे सारखे असतील तर वरचा ताण कमी पडतो आहे, किंवा दोरा चकत्यांत बसलाच नाही. खटका वर करून पुन्हा ओवा. पण फास फक्त वळणावर, पापण्यांच्या केसांसारखे बाहेर आलेले असतील, तर डायलला हातही लावू नका. हात वळणावर झटका देतो आहे. सरळ जाताना वेग ठीक असतो, वळण आलं की मन सुटकेच्या घाईत असतं आणि मनगट भर्रकन फिरतं. वळणावर हात हळू करा, मशीन नव्हे. नव्या माणसाची दहा चौकोनांची मेहनत बहुधा याच एका दोषावर जाते, आणि बरीच माणसं डायल फिरवत फिरवत मशीन बिघडवून बसतात.

एवढं करूनही जमलं नाही तर बॉबिन केस बघा. भरलेली केस दोऱ्याला धरून लटकवा. नुसती धरली तर जागीच राहावी, हलका झटका दिला की इंचभर खाली उतरावी. घरंगळत गेली तर बारीक स्क्रू किंचित आवळा, हललीच नाही तर सैल करा. स्क्रू घड्याळाच्या काट्याइतकाच फिरवा, पाच मिनिटं पुढे किंवा मागे. दोरा सारखा तुटत असेल तर दहापैकी आठ वेळा सुई जुनी असते किंवा उलटी बसलेली असते.

नक्षीच्या बाबतीत सगळे सुरुवातीला एकमेकांना न ओलांडणाऱ्या नागमोडी रेषांकडे जातात, आणि तीच अवघड आहे. पुढे कुठे जायचं हे सतत ठरवावं लागतं आणि माणूस कोपऱ्यात अडकतो. फास सोपे. पाटीवर गिरवल्यासारखा ळ, हात न उचलता, एकामागून एक ओळभर काढा: ळळळळ. आधी कागदावर पेन्सिलीने पानभर, मग कापडावर. रांगोळीत ठिपक्यांभोवती वेटोळी काढणाऱ्याचा हात यात लवकर बसतो. तिथेही रेष न थांबता फिरवायची असते. नजर सुईवर नको, फुटाच्या अर्धा इंच पुढे हवी.

पहिलं खरं काम 36 बाय 36 इंचांचं दुपटं असू द्या. पलंगाची गोधडी नको. घरगुती मशीनमध्ये सुईपासून खांबापर्यंत सहा-सात इंच जागा असते आणि तिथून अख्खी गोधडी गुंडाळी करून न्यायची असते. चवथीला नवी चादर घालायची म्हणून ऑगस्टमध्ये सुरुवात करणाऱ्यांनी थोडं थांबलेलं बरं. गोधडी टेबलावरून लटकली की तिचं वजन मागे ओढतं, टाके बारीक होतात आणि सुई मोडते. मशीन टेबलाच्या वर ठेवलेलं असेल तर डावीकडे आणि मागे पुस्तकांची थप्पी किंवा जाड थर्माकोल लावून पत्र्याच्या पातळीला आणा. काम मध्यापासून बाहेर न्या, कारण फिरणारं कापड सुरकुत्या कडेकडे ढकलतं. गोव्याला लागूनच, उत्तर कन्नडातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी, नेमकी उलटी शिवतात: कडेपासून सुरुवात, धावदोऱ्याने गोल गोल आत. त्यांना ते साधतं, कारण तुकडे एकेक करून हाताखाली बसवत जायचे असतात. मशीनवर ती नक्कल केली तर मध्यभागी फुगा येतो.

गोव्याच्या पावसाळ्यासाठी वेगळी सूचना लागते. जून ते सप्टेंबर या काळात पिना लावून ठेवलेली गोधडी आठवडाभर पडून राहिली तर प्रत्येक पिनेभोवती गंजाचं वर्तुळ उमटतं आणि ते धुऊन जात नाही. निकेलच्या किंवा पितळी पिना घ्या, आणि लांब खंड पडणार असेल तर पिना काढून कच्चा दोरा घाला. सुया सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. हा फूटही धातूचाच. काम झालं की कोरड्या फडक्याने पुसून, स्प्रिंगला मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा. जास्त तेल लावाल तर ते दुपट्यावर उतरेल. सुती भर दमट असेल तर आधी उन्हात, नाहीतर पंख्याखाली पूर्ण सुकवा. आत कोंडलेला दमटपणा कुबट वासाने महिनाभरात बाहेर येतो.

फुटाबरोबर विकलं जाणारं बाकीचं सामान बहुतेक टाळता येतं. क्विल्टिंगचे खास हातमोजे नकोत, हार्डवेअरच्या दुकानातले रबरी ठिपक्यांचे मोजे तेच काम करतात. वॉकिंग फूट चांगली वस्तू आहे, पण ती सरळ रेषांसाठी, आणि या फुटाहून बरीच महाग.

लो शँक मशीन, रोज पाऊण तास आणि दोन जुन्या सुती साड्या असतील तर हा फूट घ्या. हाय शँक मशीनवाल्यांनी अडॅप्टर शोधत बसण्यापेक्षा त्याच मापाचा फूट मागवावा. पुडी उघडताना स्प्रिंग बोटाने दाबून बघा: सहज दबून लगेच परत आली पाहिजे. अडकत असेल तर दुकानातच बदलून घ्या.