मागची सीट काढावी की चाके बदलावीत: स्पोर्ट सेडान हलकी करण्याचे दोन मार्ग

स्पोर्ट सेडान हलकी करायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो सुरुवात कुठून करायची याचा. एक मार्ग केबिन रिकामी करण्याचा आहे. त्यात मागची सीट, स्टेपनी, डिकीतले आच्छादन आणि फ्लोअरच्या पत्र्यावर चिकटवलेल्या डांबरी डॅम्पिंग शीट काढून टाकायच्या. दुसरा मार्ग चाकांचा, म्हणजे हलकी अलॉय आणि वजन पाहून निवडलेले टायर. माझ्या स्कोडा स्लाव्हिया १.५ या सेडानवर मी हे दोन्ही मार्ग वेगवेगळ्या काळात वापरून पाहिले आहेत. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या धंद्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे चाकाकडे पाहण्याची माझी नजर थोडी धंद्याची आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

हा पेच आपल्यासारख्या हौशी लोकांपुरताच आहे असे नाही. अल्फा रोमियोने २०२० मध्ये जुलिया या सेडानची जीटीए आवृत्ती जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकापुढे हाच पर्याय ठेवला होता. जीटीए घेतली तर मागची सीट जागेवर, आणि जीटीएएम घेतली तर सीटच्या जागी रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू न देणारी लोखंडी चौकट. जीटीए या नावातला ‘ए’ १९६५ च्या मूळ गाडीपासून चालत आलेला असून ‘अलेजेरिता’, म्हणजे हलकी केलेली, या इटालियन शब्दातून आला आहे. म्हणजे वजन उतरवण्याला ज्यांनी गाडीचे नाव वाहिले, त्यांनीही सीटचा निर्णय गिऱ्हाइकावर सोडला.

कागदावर पाहिले तर पहिला मार्ग सरळ जिंकतो. कारखान्यातल्या काट्यावर मी एकेक वस्तू ठेवत गेलो, तेव्हा सीट, स्टेपनी, आच्छादने आणि खरवडलेल्या शीट मिळून सुमारे ५० किलो भरले. साडेबाराशे किलोच्या आसपासच्या गाडीत हे चार टक्के होतात. उलट चारही चाकांचे मिळून माझे जेमतेम ८ किलो वाचले. वर्कशॉपमध्ये चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले चार किलो असे छातीठोकपणे सांगतात, पण ते हिशेबात बसत नाही. फिरणाऱ्या वस्तुमानाचा वेग वाढण्यावर होणारा परिणाम फार तर दुप्पट धरता येतो, आणि तोही टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागावरच्या वजनाचा. सोळा इंची रिमच्या कडेवरचा एक किलो आपल्या टायरच्या मापात साधारण १.४ किलोसारखा वागतो. म्हणजे ८ किलोचे फार तर ११ होतील, ५० नव्हेत.

तरीही माझा कल चाकांकडे झुकला, आणि त्याचे कारण आवाज हे आहे.

सीट आणि शीट काढल्यावर पहिला आठवडा मी मनापासून खूश होतो. वाघबीळच्या फाट्यावरून पन्हाळ्याकडे वळले की तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पूर्वीपेक्षा लवकर उचलते आहे असे स्पष्ट जाणवत होते. त्यानंतर जुलैच्या पावसात गगनबावड्याला गेलो. डॅम्पिंग शीटचे काम पत्र्याची थरथर गिळण्याचे असते. ती गेली की पत्रा ढोलाच्या पानासारखा घुमतो. ताशी ८० च्या पुढे एक जड, खालच्या पट्टीतला घुमारा सुरू झाला आणि तो कानापेक्षा कानशिलात जास्त जाणवत होता. कळे गावाच्या पुढे रस्त्यावर खडी पसरलेली होती, आणि मागच्या चाकाच्या कमानीत तिचा आवाज तापल्या कढईत फुटाणे उडावेत तसा येत होता. साचलेल्या पाण्यातून चाक गेले की आपण पन्हाळी पत्र्याच्या शेडखाली बसलो आहोत असे वाटे. सिग्नलला थांबावे तर मागच्या सीटखाली असलेल्या, टाकीतून इंजिनाला पेट्रोल पाठवणाऱ्या पंपाची बारीक गुणगुण, जी एरवी कधी ऐकूही आली नव्हती, ती आता सतत मागे लागलेली. शेजारी वडील बसले होते. असळजपर्यंत त्यांनी दोनदा काहीतरी विचारले, दोन्ही वेळा मला ते पुन्हा विचारायला लावावे लागले, आणि नंतर ते बोलायचे थांबले.

परतताना माझ्या लक्षात आले की मी मुद्दाम ताशी ७० च्या खाली चालवतो आहे, कारण तिथे घुमारा मावळत होता. वेगासाठी हलकी केलेली गाडी मी आवाजापायी पूर्वीपेक्षा हळू चालवत होतो. हे माझ्यापुरते निर्णायक ठरले. दुसऱ्या कोणाला हा आवाज इतका खुपणारही नाही, आणि तरुण चालकाला तो कदाचित आवडेलही. पण माझ्या गाडीत आठवड्यातले सहा दिवस घरची माणसे बसतात.

ओल्या घाटात आणखी एक गोष्ट जाणवली. आपल्या बहुतेक सेडान पुढच्या चाकांवर चालतात आणि त्यांचे नाक मुळातच जड असते. सीट आणि स्टेपनी काढली की वजन नेमके शेपटीतून जाते, मागचे स्प्रिंग कडक वाटू लागतात आणि उतारावर ब्रेक लावताना मागची बाजू हलकी होऊन अस्वस्थ होते. हे मी मोजलेले नाही, पण वळणावर स्टिअरिंगवरचे हात आपोआप घट्ट झाले, एवढे खरे.

कायद्याची बाजूही आहे. आरसीवर आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचे वजन नोंदलेले असते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंद विसंगत होईल असा बदल करू देत नाही. त्यामुळे पाच आसनांच्या नोंदीची गाडी दोन आसनांनी रस्त्यावर फिरवणे अडचणीचे आहे. निव्वळ ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे सीट काढणे योग्यच, मात्र त्याबरोबर रोल केज, म्हणजे केबिनभर बसवलेला नळ्यांचा संरक्षक पिंजरा, आला पाहिजे, आणि तो उतरवलेल्या वजनातला मोठा हिस्सा परत चढवतो.

आता चाकांविषयी. हलके चाक लावल्यावर गाडी पळते जास्त असे मी म्हणणार नाही. ती रस्ता जास्त धरते. स्प्रिंगच्या खालचे वजन कमी झाले की चाक खड्ड्यातून लवकर सावरते आणि टायर रस्त्यावर टेकून राहतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर हा फरक पहिल्याच दिवशी कळला, आणि स्टिअरिंग फिरवताच नाक वळू लागले, जे ५० किलो काढूनही झाले नव्हते.

यात धोका आहे तो स्वस्त अलॉयचा. ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये वायूची सूक्ष्म छिद्रे राहिली तर वरून रंग कितीही सुंदर असो, चाक खड्ड्यात तडकते. घडीव, म्हणजे फोर्ज्ड, चाक धातूच्या दाबलेल्या कणरचनेमुळे बहुधा वाकते, एकदम फुटत नाही. पण त्याची किंमत सर्वांना परवडणारी नाही. मधला मार्ग फ्लो फॉर्मिंगचा: मधला भाग ओतलेला आणि कडा रोलरखाली ताणून पातळ व मजबूत केलेली. मी हेच घेतले. घेताना आरीच्या मागच्या बाजूला कोरलेला भारक्षमतेचा आकडा आणि जेडब्ल्यूएल हा अलॉय चाकांच्या जपानी मानकाचा शिक्का पाहावा, माप कंपनीचेच ठेवावे, आणि मधले छिद्र हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागापेक्षा, मोठे असेल तर हब रिंग बसवून घ्यावी. नाहीतर ताशी ९० ला स्टिअरिंग थरथरते. टायर घेताना दुकानात काट्यावर ठेवून पाहावा, कारण त्याचे वजन सर्वात बाहेरच्या घेरावर असते.

कार्बन फायबरचे बॉनेट आणि लिथियम बॅटरी यांत किलोमागे जाणारा पैसा पाहता मी त्या वाटेला गेलो नाही. पैसे न खर्चता होणारे काम एकच आहे: घाटात जायच्या दिवशी ४५ लिटरची टाकी अर्धीच भरावी, १६-१७ किलो तिथेच वाचतात. स्टेपनी मी अजूनही कधीकधी घरी ठेवतो आणि पंक्चर किट व हवेचा पंप सोबत घेतो, पण टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग नसतो, म्हणून रात्री आणि पावसात ती डिकीतच असते.

सीट तासाभरात परत बसली, बोल्ट मी डब्यात जपून ठेवले होते. डांबरी शीट मात्र हीट गनने तापवून खरवडताना तुकडे तुकडे होतात, त्या परत लावता येत नाहीत. त्या जागी फॉइलच्या नव्या शीट आणून मागच्या दोन्ही कमानी आणि पेट्रोलच्या पंपाभोवतालचा पत्रा तेवढा झाकला. त्यांचे वजन ४ किलो भरले.