आक्साल्पच्या डोंगरावर फायटर जेट : कॅनन १००-४०० मार्क टू रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, डोंगरावरच्या एअर शोला विमानांचे फोटो काढायला जाणार असाल तर ५००-६०० मिमीची तोफेएवढी लेन्स शोधत बसू नका, १०० मिमीपासून सुरू होणारी झूम लेन्स घ्या. माझ्याकडे कॅनन ईएफ १००-४०० एफ/४.५-५.६ एल आयएस टू आहे, कॅननच्याच सेव्हन डी मार्क टू कॅमेऱ्यावर लावून मी ती स्वित्झर्लंडला आक्साल्पला वापरलीये आणि हा रिव्ह्यू त्या एकाच कामापुरता आहे. पक्षी, क्रिकेट, लग्न यासाठी लेन्स कशी आहे ते इथे नाही लिहित, त्याचे रिव्ह्यू ढिगाने सापडतील.

आक्साल्प ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंटरलाकेनला आपली मंडळी वर्षभर टूरने येत असतात, तिथून मायरिंगनच्या दिशेने ट्रेन पकडली की ब्रिएंझ स्टेशन लागतं, खाली सरोवर, आणि वर डोंगरात आक्साल्प नावाचं छोटं गाव, साधारण १५०० मीटरवर. त्याच्याही वर स्विस हवाई दलाची फायरिंग रेंज आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासूनची. ऑक्टोबरच्या सुमारास तिथे लोकांसमोर प्रात्यक्षिक होतं, एफ/ए-१८ हॉर्नेट आणि एफ-५ टायगर ही लढाऊ विमानं येतात आणि समोरच्या डोंगराच्या अंगावर लावलेल्या टार्गेटवर खरोखर तोफ चालवतात. तिकीट नाही. फक्त चढायचं, थेट २२०० मीटरच्या वर, जिथे कंट्रोल टॉवरसारखी ती छोटी इमारत आहे. मायरिंगनचा हवाई तळ शेजारच्याच दरीत असल्यामुळे विमानं उडाली की काही मिनिटांत समोर हजर.

आता लेन्सचा मुद्दा. बंगलोरला येलहंकाला एअरो इंडिया ज्यांनी शूट केलाय त्यांना माहितीये, सपाट जमिनीवर उभं राहून वर बघायचं, विमानाचं पोट दिसतं, मागे फेब्रुवारीचं पांढरट आकाश, आणि विमान लांब, त्यामुळे तिथे ६०० पण कमी पडते. त्या अनुभवावरून लोक आक्साल्पला सिग्माची १५०-६०० लेन्स घेऊन येतात आणि तिथेच गणित चुकतं. कारण इथे विमान तुमच्या डोक्यावरून नाही जात, डोळ्यांच्या लेव्हलला जातं, कधी तर खालून जातं. तुम्ही वरून खाली बघत फोटो काढता, पंखांची वरची बाजू दिसते, कॅनॉपीतलं, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेतलं, पायलटचं हेल्मेट दिसतं, आणि मागे आकाश नाही तर ऑक्टोबरचं पिवळं झालेलं गवत, खडक, बर्फ, सावलीतली निळी दरी.

थोडं गणित करू. हॉर्नेटची लांबी साधारण १७ मीटर. सेव्हन डी मार्क टू चा सेन्सर २२.४ मिमी रुंद. ४०० वर ठेवलं तर ३०० मीटरवरचं हॉर्नेट आडवं फ्रेम काठोकाठ भरतं, नाक आणि शेपूट दोन्ही कडांना टेकतात. म्हणजे ६०० असती तर ३०० मीटरवर नाक किंवा शेपूट यातलं एकच काहीतरी मिळालं असतं. आणि ते ३०० वरून १५० मीटरवर कधी येतं ते कळत पण नाही, तेव्हा २०० ला यावं लागतं, आणि पात्रुय सुइसची, म्हणजे स्विस हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या पथकाची, सहा लाल-पांढरी टायगर फॉर्मेशनमधे आली की सरळ १००. माझे या ठिकाणचे चांगले फोटो बघितले तर बहुतेक १५० ते ३२० च्या मधले आहेत, अगदी ४०० वाले कमी आणि तेही टार्गेटकडे डाइव्ह मारताना लांबून घेतलेले.

वेग पण धरा यात. समजा ३०० मीटरवरून ७०० किमी ताशी वेगाने विमान आडवं गेलं, तर तुम्हाला सेकंदाला ३५ ते ४० अंश वळावं लागतं, आणि ४०० ला फ्रेमची रुंदीच मुळात तीन अंशांच्या थोडी वर. कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढतो, म्हणजे तुम्ही वळलाच नाहीत तर दोन फोटोंच्या मधल्या वेळात विमान अख्खी फ्रेम ओलांडून गेलेलं असतं. म्हणून झूम रिंग हाताला किती पटकन फिरते यावर सगळं आहे. इथे ही लेन्स खरंच भारी आहे. १९९८ ची जुनी १००-४०० पुढे-मागे ढकलायची होती आणि विमानवाल्यांत ती पद्धत बऱ्याच जणांना आवडायची कारण फटकन झूम बदलता यायचा, २०१४ ला हे नवीन मॉडेल आलं त्यात फिरवायची रिंग आली तेव्हा लोक थोडे नाराज होते, पण रिंग थोडक्यात फिरते, आणि झूम आणि फोकसच्या रिंगांमधे एक टेन्शनची (झूम किती घट्ट फिरेल ते ठरवणारी) वेगळी रिंग आहे ती स्मूथकडे ठेवली की डावा हात न हलवता दोन बोटांनी काम होतं. चढताना ती टाइट करायची म्हणजे लेन्स आपोआप लांब होत नाही.

ऑटोफोकसबद्दल एक गोष्ट नीट वाचा कारण सपाट जागेवर ही अडचण येतच नाही. आकाशात विमान एकटंच असतं, फोकसला दुसरं धरायला काही नसतं. इथे विमानाच्या मागे डोंगर आहे, त्यात खडकांच्या कडा, झाडं, बर्फाच्या रेघा, आणि त्या कॅमेऱ्याला राखाडी विमानापेक्षा जास्त आवडतात, तुमचा पॉइंट अर्धा सेकंद जरी सुटला तरी फोकस मागे डोंगरावर. कॅमेऱ्याचे सगळे ६५ फोकस पॉइंट चालू ठेवू नका. मधला पॉइंट आणि त्याच्या शेजारचे, किंवा छोटा झोन, आणि एआय सर्व्होच्या (हलत्या वस्तूवर सतत फोकस ठेवणाऱ्या मोडच्या) सेटिंगमधे ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी मायनसकडे न्या, म्हणजे मधे काही आलं किंवा पॉइंट घसरला तरी कॅमेरा थोडा वेळ धीर धरतो. लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) ३ मीटर ते अनंत. स्टॅबिलायझरचे तीन मोड आहेत, मोड टू पॅनिंगसाठी आणि मोड थ्री मधे फक्त शटर दाबल्यावर स्थिर करतं, व्ह्यूफाइंडरमधे चित्र ओढल्यासारखं होत नाही. जेटला मी थ्री वापरतो कारण ती सरळ रेषेत जातच नाहीत, दरीत वळून येतात. सुपर प्यूमा हेलिकॉप्टरला मोड टू, शटर १/२५० च्या आसपास, नाहीतर पंखा गोठलेला दिसतो आणि हेलिकॉप्टर टांगून ठेवल्यासारखं वाटतं. जेटला १/१६०० च्या खाली मी जात नाही.

एक्सपोजर मॅन्युअलच ठेवा. सावलीतली काळपट दरी मागे असली की कॅमेऱ्याचा लाइट मीटर एक्सपोजर वाढवून देतो आणि पात्रुय सुइसचा पांढरा भाग उडून जातो, परत मिळत नाही. पुढच्या सेकंदाला तेच विमान उन्हातल्या बर्फासमोर असतं आणि मीटर उलटं करतो. विमानावर पडलेला उजेड मात्र दोन्हीकडे तोच असतो ना. उन्हात एकदा टेस्ट करून शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ लॉक करून टाका. विमानं फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवायचे जळते गोळे) सोडतात तेव्हा अजून पाऊण स्टॉप खाली. आणि ऑक्टोबरचं ऊन तिरकं असतं, कड्याच्या वरून विमान उन्हाच्या बाजूने आलं की साध्या लेन्सवर सगळं धुरकट होतं. या लेन्सला कॅननचं एअर स्फिअर कोटिंग आहे, त्याचा फरक तिथे दिसतो, काळा रंग काळाच राहतो.

आणि आता ज्यासाठी जायचं ते. तोफ. हॉर्नेटची २० मिमीची सहा नळ्यांची तोफ नाकाच्या वरच्या बाजूला आहे, कॅनॉपीच्या पुढे. टायगरच्या तोफाही नाकाच्या वरच. म्हणजे जमिनीवरून तुम्ही कितीही मोठी लेन्स लावा, तोफेचं तोंड दिसणारच नाही, मधे विमानाचं पोट येतं. आक्साल्पला तुम्ही त्याच उंचीवर किंवा वर असता म्हणून ते दिसतं. नाकावर राखाडी धुराचा एक छोटा पुंजका येतो, तो कॅनॉपीवरून मागे ओढला जातो, समोरच्या टार्गेटवर धूळ उडते, आणि मग आवाज पोचतो, फाडल्यासारखा एकच लांब घर्रर्र. आवाज ऐकून शटर दाबलात तर संपलेलं असतं. डाइव्ह सुरू झाली की विमान सरळ रेषेत स्थिर होतं, तीच खूण, तिथून बर्स्ट चालू करायचा. कॅमेऱ्याचा बफर (सलग फोटो तात्पुरते साठवणारी मेमरी) ३१ रॉ फोटोंचा, म्हणजे जेमतेम तीन सेकंद, त्यामुळे आधी उगाच दाबून भरून ठेवू नका. मला जो फ्रेम मिळालाय त्यात धुराचा तो पुंजका नाकापासून सुटून कॅनॉपीच्या काचेला नुकताच लागतोय आणि मागे टार्गेटजवळचे दगड पण मोजता येतात, तो २८० ला आलाय, एफ/६.३ ला, आणि शंभर टक्क्याला उघडून बघितला तरी नाकावरचे पॅनलचे जोड स्वच्छ दिसतात. याहून जास्त शार्पनेसची मला गरज वाटत नाही.

वजन. ट्रायपॉडच्या पायासकट १६४० ग्रॅम. पाय काढता येतो, काढून घरीच ठेवा, तो जिला लागतो ती लेन्सभोवतीची रिंग मात्र काढता येत नाही. गावापासून वरपर्यंत चढ साधारण ७०० मीटर, सिंहगड पायथ्यापासून चढण्यापेक्षा थोडा जास्तच धरा, आणि वाट शेवटी चांगली उभी आहे, त्यात वाटेतल्या विंडएगपर्यंत चेअरलिफ्ट मिळाली तर काही भाग वाचतो. त्या चढाला सिग्माच्या १९३० ग्रॅमपेक्षा ही परवडते, आणि वर गेल्यावर दिवसभर हातातच धरायची आहे, ट्रायपॉडचा तिथे काही उपयोग नाही, जागा पण नसते. दोन बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, २२०० मीटरवर ऑक्टोबरमधे थंडीने त्या लवकर बसतात.

१.४ चा एक्स्टेंडर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे लावून फोकल लेंग्थ १.४ पट करणारी जोड-लेन्स) लावू का असं बरेच जण विचारतात. नका लावू. ५६० एफ/८ होते आणि सेव्हन डी मार्क टू वर एफ/८ ला फोकससाठी फक्त मधला पॉइंट उरतो, शिवाय सुरुवातच १४० पासून. ज्यांच्याकडे आरएफ लेन्स लागणारा कॅननचा मिररलेस आर सिरीज कॅमेरा आहे आणि आरएफ १००-५०० घ्यायचा विचार आहे, ती लेन्स सुंदरच आहे, हलकी पण आहे, पण तिच्यावर एक्स्टेंडर लावला की झूम ३०० च्या खाली येतच नाही, तशी रचनाच आहे तिची, म्हणजे आक्साल्पसाठी एक्स्टेंडर लावायचा प्रश्नच मिटला. आणि ही जुनी ईएफ अ‍ॅडॉप्टर लावून आर सिरीजवर मस्त चालते, नवीन बॉडीचा विमान ओळखणारा फोकस मिळाला तर डोंगराची ती अडचण बरीच कमी होते. बजेट असेल तर बॉडी बदला, लेन्स हीच ठेवा.

कॅनन नसलेल्यांनी पण हाच हिशोब लावायचा, तुमच्या ब्रँडची १००-४०० बघा, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा छोटा, माझ्या सेव्हन डी मार्क टू सारखा) असेल तर ७०-३०० वर सुद्धा बरंच काम होतं.

माझे गुण पाचपैकी साडेचार, अर्धा ट्रायपॉडच्या त्या न निघणाऱ्या रिंगसाठी कापला. जायचं मनात असेल तर लांबवू नका. टायगर १९७८ पासून सेवेत आहेत, त्यांचे दिवस भरत आलेत, हॉर्नेटच्या जागी एफ-३५ए घ्यायचं स्विस सरकारने ठरवलंय. प्रात्यक्षिक दरवर्षी होतंच असं नाही, आणि हवेमुळे ऐनवेळी रद्द पण होतं, त्यामुळे हवाई दलाच्या साइटवर तारखा बघून मगच हॉटेल घ्या, शक्यतो ब्रिएंझ किंवा मायरिंगनला, आणि आधीच्या सरावाच्या दिवशी जाता आलं तर तोच दिवस धरा. विमानं तीच, गर्दी कमी, आणि कठड्यापाशी उभं राहायला मोकळी जागा मिळते. सेकंडहँड लेन्स घेणार असाल तर टेन्शन रिंग टाइट करून लेन्स खाली धरून बघा, पुढचा भाग घसरत असेल तर घेऊ नका.