कौलं काढून रंगीत पत्रा: कोकणातल्या घरासाठी कितपत योग्य?

रंगीत गॅल्व्हाल्यूम पत्रा (अॅल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेला पोलादी पत्रा) माल म्हणून चांगला, पण प्रत्येक जुन्या घराला तो लागतोच असं नाही. आधी वासे आणि रिपा टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा, विशेषतः वळचणीला आणि भिंतीत गेलेल्या टोकांना. लाकूड टणक असेल तर शाकारणीच करा. तडकलेली कौलं बदला, कुजक्या रिपा काढा. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात. त्यांचा गारवा पत्र्याला येत नाही, आणि आषाढातल्या सरींचा आवाज छताखाली सीलिंग नसेल तर खरंच असह्य होतो.

वासेच वाळवीने पोकळ केले असतील तर पत्रा घ्या. दुकानदार सांगतो ती ‘अर्धा मिलिमीटर’ जाडी बहुधा रंगासकट असते. मूळ पोलादाची जाडी वेगळी विचारा. समुद्राजवळ अॅल्युमिनियम-जस्ताचा लेप दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला किमान 150 ग्रॅम हवा.

बिघडतं ते बसवताना. ग्राइंडरने कापलं की ठिणग्या रंगात रुततात आणि तिथूनच गंज धरतो. निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) किंवा कात्री वापरायला लावा. स्क्रू पत्र्याच्या लाटेच्या माथ्यावर, रबरी वॉशरसह. फार आवळला तर वॉशर फाटून गळती लागते. ड्रिलचा कीस त्याच दिवशी झाडून घ्या. पत्रा हलका असल्याने वारा तो उचलतो, म्हणून त्याच्याखालचा सांगाडा भिंतीत बोल्टने पक्का करून घ्या.