इतिहासाच्या सरांचे मानपत्र : शनिवार पेठेतील सुलेखन-छपाईच्या दुकानाचा अनुभव

आमचे इतिहासाचे सर 31 मे 2025 रोजी महाविद्यालयातून सेवानिवृत्त झाले. त्यांना अर्पण करावयाचे मानपत्र आम्ही माजी विद्यार्थ्यांनी पुण्यात शनिवार पेठेतील एका जुन्या दुकानातून करवून घेतले. सुलेखन, छपाई आणि चौकट ही तिन्ही कामे तेथे होतातच. पण या दुकानाची शिफारस मी करतो आहे ती मुख्यतः मजकुरासाठी.

‘ज्ञानतपस्वी’, ‘ऋषितुल्य’ अशा विशेषणांचा तयार मजकूर बहुतेक ठिकाणी मिळतो आणि त्यात नाव तेवढे बदलले जाते. येथील मालकांनी मात्र सरांनी नेमके काय केले, हे विचारून घेतले आणि आमचे पहिले मोघम उत्तर स्वीकारले नाही. म्हणूनच सर विद्यार्थ्यांना पुरालेखागारात नेऊन पेशवे दफ्तरातील मूळ मोडी कागद वाचायला बसवीत, ही गोष्ट मानपत्रात पहिल्याच परिच्छेदात आली. कात्रजच्या तलावातून पेशवेकाळात शहरात आणलेल्या नळाचा त्यांनी अभ्यास केला आणि त्याचे उरलेले उच्छ्वास, म्हणजे नळातील हवा बाहेर पडण्यासाठी केलेली बांधकामे, रस्त्याच्या कामांत बुजू नयेत म्हणून महापालिकेकडे वर्षानुवर्षे निवेदने दिली, हेही आले. 12 जुलै 1961 च्या पानशेत पुरात घर गमावलेल्या वृद्धांच्या आठवणी त्यांनी विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेतल्या होत्या. तो उल्लेख आम्ही जवळजवळ विसरलो होतो. मालकांनी खोदून विचारले म्हणून तो राहिला नाही. सरांचे अध्यापन, संशोधन आणि नागरिक म्हणून केलेले काम ही एकाच माणसाची एकच निष्ठा होती, हे त्या मजकुरातून स्वच्छ दिसते, आणि याचे मला फार समाधान आहे.

शीर्षक मोडीत हवे होते. कारागिरांनी हातकागदावर आधी सलग शिरोरेषा ओढली आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरे लिहिली. मोडी लिहिण्याची रीत हीच. पहिल्या प्रुफात शकाचा आकडा मात्र चुकला होता. गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून 78 वजा करावे लागतात, तेथे 79 वजा झाल्याने 1947 ऐवजी 1946 पडले होते. इतिहासाच्या प्राध्यापकांना द्यावयाच्या मानपत्रात हे चालण्यासारखे नव्हते. दुकानाने कोणतीही खळखळ न करता, जादा पैसे न घेता ते पान नव्याने लिहून दिले.

चौकटीबद्दल माझी तक्रार आहे. काच इतकी चकाकते की सभागृहातील दिव्यांखाली मानपत्र वाचणाऱ्याला ते सारखे तिरके धरावे लागले. चकाकी नसलेली काच मागितल्यास मिळते, असे नंतर कळले; ती आधीच सुचवायला हवी होती. दर थोडा चढा आहे, परंतु मजकूर लिहून देण्याचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत. मे महिन्याच्या अखेरीस निवृत्तीचे समारंभ एकदम येतात, त्यामुळे मागणी एप्रिलमध्येच नोंदवावी आणि प्रूफ तपासायला विषयाची जाण असलेली व्यक्ती सोबत न्यावी.