बारावीनंतर गाणं-वाजवणं शिकायचंय: जवळचं कॉलेज, पुणे, आळंदी की गुरुजींकडंच?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडं मराठवाड्यात हा प्रश्न येतोच. पोरगी चांगली गाते, पोराचा तबल्यावर हात बसलाय, मग आता बीए संगीत करायचं का, की डिग्री दुसरी घ्यायची अन् गाणं बाजूनी चालू ठेवायचं. घरचे विचारतात पुढं काय, शेजारचे विचारतात यात पैसा आहे का, आणि जे खरं विचारायला पाहिजे ते कुणीच विचारत नाही, ते म्हणजे तीन वर्षात पोरगं शिकवणाऱ्याच्या समोर किती तास बसणार आणि स्टेजवर किती वेळा चढणार. माझ्यालेखी बाकी सगळं ह्याच्या नंतर, सिलॅबस तर सगळीकडं थोड्याफार फरकानं सारखाच असतो, यमन भूप बिहाग हे राग, तीनताल झपताल एकताल, स्वर लिहायची भातखंडे लिपी, दहा थाट, हे कुठंही येणारच.

आधी कॉलेजचा हिशोब समजून घ्या. नवीन शैक्षणिक धोरणात प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर असला तर १२० तास, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला आठ. ऐकायला भरपूर वाटतं. पण वर्गात बारा जण असले तर एकेकाच्या वाट्याला आठवड्याचे ४० मिनिटं येतात, तेही सर रोज आले, सुट्ट्या नाही पडल्या, मधे परीक्षांची ड्युटी नाही लागली तर. घरी रोज दोन तास बसणारं लेकरू तेवढ्याच काळात २१० तास करतं, म्हणून कॉलेज म्हणजे रियाज असं धरून चालू नका, तिथं रियाज दुरुस्त होतो, करावा घरीच लागतो. दुसऱ्याचं चुकलेलं सर कसं सुधारतात हे ऐकण्यातही खूप शिकायला मिळतं हे मात्र खरं, एकटं शिकणाऱ्याला ते मिळत नाही.

आता जवळच्या कॉलेजचं बीए. संभाजीनगर, नांदेड ह्या भागात बीएला संगीत घेता येतं आणि आपल्याकडं ही परंपरा काही कमी नाही, पं. नाथराव नेरळकरांसारखा गवई सरस्वती भुवन कॉलेजात शिकवायचा आणि कॉलेजबाहेरही शिष्य घडवायचा, म्हणजे कॉलेज की गुरु असं भांडण आपल्या मातीत मुळात नव्हतंच. फायदा सरळ आहे, फी झेपते, घरचं जेवण, आणि हातात विद्यापीठाची डिग्री येते जिच्यावर पुढं एमए, मग प्राध्यापकीसाठीची नेट-सेट परीक्षा करता येते. तोटा असा की सगळ्याच ठिकाणी सारखं शिकवणं नाही. म्हणून प्रवेश घ्यायच्या आधी एक दिवस स्वतः जाऊन वर्गात बसा, कुणी नाही म्हणत नाही. तीन गोष्टी बघा. पहिली, संगीत तिथं मेजर म्हणजे मुख्य विषय आहे का नुसतं मायनर म्हणजे दुय्यम किंवा ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक, कारण नावाला "संगीत आहे" सांगतात अन् निघतं आठवड्याला दोन तासाचं. दुसरी, तबल्याचा साथीदार आहे का. ही गोष्ट फार महत्त्वाचीय, गाणाऱ्या मुलांना तीन वर्षं मोबाईलच्या ठेक्यावर गायला लावलं तर ती लयीत पक्की होत नाहीत, जिवंत तबला लय थोडी पुढं-मागं घेतो, डोळ्याला डोळा देतो, ते ऍपमधे नसतं. तबला शिकणाऱ्याचंही तेच, लेहरा, म्हणजे तबल्यामागं फिरत राहणारी धून, धरायला कुणी हार्मोनियमवाला आहे का विचारा. तिसरी गोष्ट वर्षातून किती वेळा मुलांना लोकांसमोर पूर्ण राग मांडायला मिळतो. गॅदरिंगमधलं भावगीत यात धरू नका, ते वेगळं. पंचवीस-तीस मिनिटं बडा ख्याल छोटा ख्याल, म्हणजे रागातली संथ आणि जलद बंदिश, घेऊन एकटं बसायचं, ते किती वेळा, हा प्रश्न.

पुण्याचं वेगळंय. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून चालू आहे, तिथं गाणं, वाजवणं, नाच, नाटक यांचं बीए-एमए परफॉर्मन्सवरच बेतलेलंय आणि गुरुकडं जाऊन शिकण्याला कोर्समधेच जागा दिलेलीय. मला विचाराल तर कॉलेजात राहून कलाकार घडवायचा तर हीच पद्धत बरोबर. पण तिथं ऑडिशन असते. बारावीपर्यंत नुसती स्नेहसंमेलनात गाणी म्हटलेल्या मुलानं तिथं जाऊन हिरमुसून येण्यापेक्षा आधी इथं एक-दोन वर्षं नीट तालीम घ्यावी. आणि पुण्याचा खरा फायदा वर्गात नाहीच, तो ऐकण्यात आहे. आज इथं बैठक उद्या तिथं मैफल, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव, जो १९५३ पासून चालू आहे, कान तयार होतो, आपण कुठं आहोत ते कळतं. आपल्याकडं एक चांगला कार्यक्रम ऐकायला लातूरहून संभाजीनगर गाठावं लागतं अन् रात्री परतायला गाडी नसते, मुलींना तर घरचे पाठवतच नाहीत. खर्चाचं काय सांगायचं, विद्यापीठाची फी जमते हो, खोली आणि मेस जमत नाही, आणि खोलीत रियाज करू देणारा घरमालक मिळणं ही वेगळीच शोधाशोध.

तिसरा रस्ता म्हणजे डिग्री कशातही घ्या, बीकॉम बीएस्सी काहीही, आणि गुरुजींकडं शिकत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्या. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, मग अलंकार. दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून बऱ्याच पोरांची सुरुवात इथूनच झालेली असते, मग अर्ध्यात कशाला सोडायचं. समोरासमोर शिकायचा वेळ सगळ्यात जास्त इथं मिळतो, अट एवढीच की गुरुजी परीक्षेपुरतं शिकवणारे नकोत. काही क्लासमधे काय होतं, परीक्षेच्या आधी दोन महिने सगळे राग पाठ, आलाप वहीत लिहिलेले, ताना मोजून, आणि परीक्षा झाली की मालकंस कुणी विचारला तर पोरगं वही शोधतं. असे विशारद गावोगाव आहेत, दोष पोरांचा नाही.

इथं एक गैरसमज फार आहे. विशारद म्हणजे बीए अन् अलंकार म्हणजे एमए असं घरोघरी धरतात. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असलं तर विद्यापीठाचं एमए ५५ टक्क्यांनी, राखीव प्रवर्गाला ५०, आणि नेट किंवा सेट लागतं. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमात आणखी एक दार आहे, नामवंत गुरुंकडं शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा ए ग्रेड कलाकार असा पदवीधर माणूसही संगीताचा प्राध्यापक होऊ शकतो, पण ए ग्रेडपर्यंत पोचायला उमेदीची वर्षं जातात, त्याच्या भरवशावर बारावीनंतरचा निर्णय घेऊ नका. शाळेच्या नोकरीचं जाहिरातीत काय मागितलंय ते वाचा, क्लासवाल्याचं ऐकून नाही.

चौथा रस्ता बाकीचे लोक मोजत नाहीत पण मराठवाड्यात तो मोजल्याशिवाय चालणारच नाही, तो म्हणजे आळंदी. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ ला वारकरी शिक्षण संस्था काढली, चार वर्षांचा अभ्यास, आणि तिच्या आजूबाजूला आळंदीत मृदंग अन् गायन शिकवणाऱ्या कितीतरी ठिकाणी आपल्या बीड, परभणी, हिंगोलीची पोरं राहतात. मृदंग वाजवणाऱ्या पोराला सप्ताहात जेवढं स्टेज मिळतं तेवढं कुठलंच कॉलेज देऊ शकत नाही, सात दिवस, पहाटे काकडा, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, समोर हजारभर माणसं आणि चूक झाली की लगेच टाळकरी वळून बघतात. हात तिथं तापतो. कमाईही लवकर चालू होते. आणि कुणी म्हणालं की भजनी मृदंगाचं पुढं काही होत नाही तर त्याला आंबाजोगाईजवळचं आपेगाव दाखवा, पैठणजवळचं ज्ञानोबांचं नाही, हे दुसरं, तिथल्या शंकरबापू आपेगावकरांना पखवाजासाठी, म्हणजे मृदंगासाठीच, १९८६ ला पद्मश्री मिळाली. फक्त भजनी ठेका वेगळा आणि चौताल ह्या शास्त्रीय तालात एकल वादन वेगळं, ते बसून वेगळं शिकावं लागतं. ह्या शिक्षणातून विद्यापीठाची डिग्री निघत नाही, म्हणून मुक्त विद्यापीठातनं साधं बीए सोबत करून ठेवा, पुढं फॉर्म भरताना अडत नाही.

गिटार, कीबोर्ड, फिल्मी गाणं हे डोक्यात असलं तर वरचं बीए तुमच्यासाठी नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षा द्या, किंवा घरची तयारी असेल तर चेन्नईला संगीतकार ए. आर. रहमानचं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे २००८ पासूनचं. ते महागडं पडतं आणि इकडचा साधा माणूस तिथं पाठवायच्या आधी दहादा विचार करणारच.

पैशाचं एक सांगून ठेवतो कारण आपल्याकडं फार कमी पोरांना माहिती असतं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांना स्कॉलरशिप आहे, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. आधी गुरुकडं पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं, म्हणून शाळेत असतानापासून कुणाकडं कधीपासून शिकताय त्याचे कागद जपून ठेवा. कॉलेजातल्या पर्मनंट जागांचं मात्र अवघडंय, नेट झालेली मुलंसुद्धा तासिका तत्त्वावर काढताहेत, बहुतेकांचं घर शिकवण्या आणि साथसंगतीवर चालतं. आकाशवाणीची ऑडिशन मात्र जरूर द्या, परभणी, नांदेड, बीड सगळीकडं केंद्रं आहेत आणि बी ग्रेड, म्हणजे सुरुवातीची श्रेणी, मिळाली तरी कार्यक्रमाला बोलवणारे वेगळ्या नजरेनं बघतात.

मग करायचं काय. सात-आठ वर्षं तालीम झालीय, हात किंवा गळा तयार आहे अन् घरून दोन वर्षं तरी खर्च निघतोय, तर पुण्याची ऑडिशन द्या, दुसरा विचार करू नका. तालीम कमी झालीय पण गावाजवळ चांगले गुरुजी आहेत, तर जवळच्याच कॉलेजात संगीत मेजर घ्या आणि गुरुजी सोडू नका, गांधर्वच्या परीक्षाही चालू ठेवा, मराठवाड्यातल्या बहुतेक पोरांना हेच परवडणारं आणि हेच सगळ्यात जास्त देणारं आहे असं माझं पक्कं मत आहे. कॉलेज चांगलं पण गुरुजी नाहीत असं असलं तर आधी गुरुजी शोधा, गाव बदलावं लागलं तरी. गुरुजी चांगले पण जवळच्या कॉलेजात साथीदार नाही, मेजर नाही, तर बीकॉम करा हो, काही बिघडत नाही, एमएला प्रवेश देताना विशारद झालेल्या दुसऱ्या शाखेच्या पदवीधरालाही काही ठिकाणी बसू देतात, त्या त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक त्याच वर्षीचं बघून घ्या. आणि इथं तीन वर्षं बीए करून पुण्याला एमएची ऑडिशन देता येतेच, तोवर वय वीस-एकवीस झालेलं असतं, आवाज स्थिरावलेला असतो, एकट्यानं राहायची हिंमतही आलेली असते.